धोंडीरामाची बाजू

केसरबाईला एखादी गोष्ट नको म्हणायची असली की ती आधी पदर खोचते. ज्ञानोबाचा भारत अंगणात मोटारसायकल उभी करून बाजेवर टेकला, "काकू, एक काम होतं," एवढंच म्हणाला, आणि काम काय ते ऐकायच्या आत बाईनं पदर खोचून टाकला. भारत मनात म्हणाला, झालं, संपला विषय.

हा भारत म्हणजे केसरबाईच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या ज्ञानोबाचा मुलगा. पाचटाच्या कोपीत वाढला, उसाच्या फडात खेळला, आणि शिकून शिरूर कासारला खेळाचा मास्तर झाला. पुण्याला शिकत होता तेव्हा त्याला एक नाद लागला. चेंडू हवेत उडवायचे आणि झेलायचे. तीन, मग चार, मग पाच. त्याला म्हणे जगलिंग म्हणतात. बरं, नाद असावा माणसाला, कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला राजकारणाचा. पण ह्या गड्यानं राज्यभरचे असले नादिष्ट गोळा करून त्यांचा मेळावाच भरवायचं काढलं होतं! तोही कुठं, तर माजलगावच्या रस्त्यावरच्या सहकारी साखर कारखान्यात. यंदा धरणात पाणी नव्हतं, शिवारात ऊस नव्हता, बॉयलर पेटलाच नव्हता. ऊसगाड्या उभ्या राहायचं एवढं मोठं पटांगण रिकामं पडलं होतं. चेअरमन मोहनरावांना विचारलं तर ते म्हणाले, "घ्या बाबा, कुणाच्या तरी कामाला येऊ द्या ते."

"तितं आसतंय तरी काय?" केसरबाईनं विचारलं.

"लोक येतेत काकू. पुण्याचे, लातूरचे, हैदराबादचे. कुणी चेंडू उडवतंय, कुणी कड्या, कुणी लाकडाचे दांडू. एकमेकाला शिकवायचं, दिवसभर खेळायचं."

"बक्षीस हाय का?"

"न्हाई."

"मंग कावून येतेत एवढ्या लांबून?"

"पाडायला येतेत म्हना की," भारत हसला. "पाडायचं आन उचलायचं. कुणी कुणाला हसत न्हाई. दुसऱ्याचा चेंडू आपल्या पायापाशी आला तर लाथाडायचा न्हाई, उचलून द्यायचा. येवढाच काय तो नियम."

"आमच्यात पडलेलं कुणी माघारी देत नव्हतं," केसरबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा खोचलेला पदर सुटला. भारतनं ते बघितलं आणि तेवढ्यात डाव साधला. "काकू, तुमचा जोडझेल दाखवा तिथं. एकदाच."

आता जोडझेल म्हणजे काय, हे सांगायला मागं जावं लागेल. बहात्तरच्या दुष्काळात केसरबाई नवी नवरी होती. हळदीचा वास जातो न जातो तोच सासर-माहेर सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. दुपारी सरकारी सुकडी खाऊन बाया सावलीला पडायच्या, आणि ही नवी सून तीन गोल खडे घेऊन उडवत बसायची. माहेरी नदीवर शिकली होती पोरीपोरींत. सासू म्हणायची, "काय हे माकडचाळे!" पण धोंडीराम, तिचा नवरा, चोरून बघायचा. लग्नाला कैक महिने झाले तरी दोघांचं धड बोलणं नव्हतं. एक दिवस त्यानं खडी फोडता फोडता मान वर न करता विचारलं, "मला बी शिकवती का?" त्या दुष्काळानं लोकांचं काय काय नेलं, पण केसरबाईला विचाराल तर तिचा संसार त्या खडीच्या ढिगावर सुरू झाला.

शिकवलं तिनं, समोर उभं करून, खडे त्याच्याकडं टाकून. पण धोंडीराम म्हणजे! हाताला मोठा, बुद्धीला शांत आणि पायाला थारा नाही. खडा इकडं गेला की हा तिकडं. खड्यानं डोक्याला टेंगूळ आलं, नखं काळी पडली, पण गड्यानं नाद सोडला नाही.

पुढं दोघं ऊसतोडीला लागले. आधी लांब पश्चिमेकडं, मग इकडं धरण झालं, ऊस आला, कारखाना आला, आणि टोळी माजलगावकडं येऊ लागली. कारखान्यावर गाडी खाली व्हायला नंबर लागायचा. दुपारी गाडी आणून लावली तर दिवस मावळला तरी आपल्या पुढं रांगच. बैलं रवंथ करतायत, माणसं बिड्या फुंकतायत. मग धोंडीराम कोयत्यानं वीत वीतभर उसाच्या कांड्या तोडायचा. तीन त्याच्या हातात, तीन हिच्या. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत दोघं तोंडाला तोंड करून उभी राहायची. आपल्या आपल्या कांड्या उडवता उडवता मधेच एक समोरच्याकडं टाकायची, आणि त्याच दमाला त्याची आपण घ्यायची. एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. हा जोडझेल. पडलेली कांडी बघणाऱ्याची, असा रिवाज होता. त्यामुळं सगळ्या रांगेतली लेकरं भोवती बसून "पाड! पाड!" करायची, आणि पाच मिनिटांत कांडी चोखायला मिळाली नाही की रुसून आपापल्या गाडीकडं जायची. केसरबाईच्या झेलात कुणाला काही मिळायचं नाही! त्या लेकरांत हा भारतही असायचा.

सगळी रांग म्हणायची, झेलावा केसरनं. उभी राहिली की खांब. धोंडीराम आपला पुढं-मागं, पुढं-मागं. "अवो, एका जागी ऱ्हावा की," ती ओरडायची, "देवीच्या म्होरं नाचताय का?" लोक हसायचे. तोही हसायचा. "मला नाचल्याबिगर जमत न्हाई," म्हणायचा. अख्ख्या गाडीतळावर त्याचं नाव नाचऱ्या पडलं होतं.

धोंडीरामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. साधा ताप, चार दिवसांचं दुखणं, आणि गेला माणूस. त्याच्या मागं केसरबाईनं कांड्या उडवल्या, नाही असं नाही. पण एकटीनं. जोडझेल एकटीनं होत नाही. आणि गंमत अशी, की जोडझेलातली आपली बाजू तिला झोपेत करता यायची, पण धोंडीरामाची बाजू तिला येत नव्हती. समोरून बघितलेली, पण केलेली नाही. मुलाला शिकवायला गेली, पुतण्याला शिकवायला गेली. जमलं नाही. कुणी समोर उभं राहिलं की दोन-चार फेकांत सगळं मातीत. आणि अलीकडं बोटं आखडायला लागली होती. सकाळी तांब्याही धड धरता येत नसे. तिला पक्कं कळत होतं, की अजून थोडे दिवस, आणि मग ही हातातली बाजूसुद्धा जाणार. त्याच्या आधी एकदा, फक्त एकदा, सगळा जोडझेल डोळ्यांनी बघावा, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, म्हातारीला काय सुचतंय.

"समूर उभं ऱ्हायला मानूस कुटाय?" ती भारतला म्हणाली.

"तितं दोनशे जण येनारेत काकू. ह्यो त्येंचा धंदाच हाय. एकाला तरी जमंलच की!"

केसरबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

मेळाव्याच्या दिवशी भारतनं जीप पाठवली. बरोबर सून सुंदर होती. फाटकातून आत शिरताना केसरबाईनं वर बघितलं. चिमणीतून धूर नव्हता. मळीचा तो आंबूस वास नव्हता, ज्या वासानं पूर्वी नाक धरावं लागायचं तोच आज येईना म्हणून तिला कसंनुसं झालं. वजनकाट्यावर कुत्रं झोपलं होतं. "ती तितं, लिंबाखाली, आपली गाडी उभी ऱ्हायची," ती सुनेला म्हणाली. "आन तितं पान्याचा हौद हुता. बैलं आधी पेली पायजेत म्हनून तुझा सासरा मुकादमासंगं भांडला हुता एकदा." हौद होता, पण कोरडा. आज टँकर उभा होता.

आणि पटांगणात, काय सांगू! माणसंच माणसं आणि वर बघावं तिकडं काहीतरी उडतंय. केस वाढवलेला एक गडी एकाच चाकाच्या सायकलवर डुलत डुलत चालला होता. एक पोरगी दोरीवर डमरूसारखं काहीतरी गरागरा फिरवून आभाळात भिरकावत होती. एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, चांगला चष्म्याचा, शिकला-सवरलेला, तीन संत्री उडवत होता आणि ती त्याच्याच डोक्यावर पडत होती. सुंदरनं पदर तोंडाला लावला. दर क्षणाला कुठं ना कुठं धप्प, खट्ट, टण्ण. आणि खरंच, कुणी हसत नव्हतं. पाडणाराच आधी हसायचा.

"एवढं पाडतेत आन लाजत बी न्हाईत," केसरबाई म्हणाली. तिला ते थोडं आवडलं नाही. मग एक चेंडू घरंगळत तिच्या पायापाशी आला, ती वाकली, उचलला, आणि धावत आलेल्या पोरीनं "थँक्यू आजी" म्हणून हात जोडले. तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

बचत गटाच्या बायांनी केलेलं पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर भारतनं लाऊडस्पीकरवरून सांगितलं, की आता आपल्या केसरकाकू जोडझेल दाखवणार. माजलगावच्या रसवंतीवरून त्यानं चांगला जाड ऊस आणला होता. कुठून तरी दोन जुन्या टायरगाड्यासुद्धा आणून समोरासमोर लावल्या होत्या. केसरबाईनं त्या बघितल्या आणि एकीच्या जुवावरून हात फिरवला. मेल्यानं सगळं लक्षात ठेवलं होतं.

पहिला उभा राहिला भारत स्वतः. दोन्ही पाय रोवून, पाठ ताठ, शाळेतल्या पोरांना शिकवतो तसा. पाय हलवायचे नाहीत, हा त्याचा पहिला धडा. सुरुवात झक्क झाली. उजव्या हाताची कांडी गेली, आली. डाव्या हाताची गेली, आणि भारतच्या बोटांच्या अलीकडं मातीत पडली. पुन्हा. पुन्हा मातीत.

"आरं, बग की माज्याकडं!" केसरबाई खेकसली.

मग पुण्याचा एक उंच गडी आला. मेळाव्यातला सगळ्यात तरबेज, पाच दांडू उडवणारा. त्यानं आधी केसरबाईला नुसतं उडवायला लावलं, मान हलवत मोजलं, जिभेनं टकटक ताल धरला. मग उभा राहिला. तोही खांब. उजवी कांडी आली, डावी पडली. उजवी आली, डावी पडली. त्यानं कपाळ पुसलं, पुन्हा मोजलं. शेवटी तो कांड्या ठेवून नमस्कार करून गेला. त्याच्यामागून आणखी तिघं-चौघं आले. तेच.

केसरबाईचं डोकं फिरलं. "कशाला जमवलंय एवढं? एकाला झेलता येत न्हाई!" ती भारतला म्हणाली. बोटं दुखायला लागली होती. दोनशेतल्या एकालाही येत नाही, म्हणजे ते गेलंच. धोंडीराम आपल्याबरोबर घेऊन गेला. ती गाडीच्या जुवावर टेकली आणि सुंदरला म्हणाली, "चल घरी."

तेवढ्यात रामकिसन पुढं आला. हा गेवराईच्या एका पतसंस्थेतला कारकून. पोट सुटलेला, शर्ट घामानं चिकटलेला. ह्याला जेमतेम तीन चेंडू येत होते आणि सकाळपासून सगळा मेळावा त्याला एकच सांगून दमला होता, की रामकिसनराव, पाय हलवू नका. चेंडू कुठंही गेला की हा त्याच्यामागं. सकाळी एकदा तर टँकरवर जाऊन आदळला होता.

"मावशी, मी बघू का? मला धड येत न्हाई, पन पडू द्यायचं लई जिवावर येतंय."

भारतनं डोळ्यांनीच त्याला नको म्हटलं. पण केसरबाई तोवर उभी राहिली होती. आता काय, जाता जाता आणखी एकदा पडेल.

कांड्या उडाल्या. उजवी गेली, रामकिसननं घेतली. डावी गेली, आणि रामकिसन घाबरून एक पाऊल पुढं धडपडला, घेतली, मागं सरकला. उजवी. डावी, पुढं, मागं. उजवी. डावी, पुढं, मागं. पोट हलतंय, चप्पल सुटतेय, पण कांडी पडत नाही! भोवतीच्या माणसांतून कुणीतरी टाळी धरली, मग सगळ्यांनी. सहा कांड्या दोन गाड्यांच्या मधे येत होत्या, जात होत्या, आणि केसरबाई बघत होती. सगळा जोडझेल तिच्या समोर उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. तिला वाटलं, आत्ता नंबर पुकारतील, आत्ता गाडी पुढं घ्यायची वेळ होईल.

शेवटी रामकिसनचाच दम संपला. कांड्या छातीशी धरून तो गुडघ्यांवर वाकला. केसरबाई लहान पोरीसारखी हसत होती. "आवं, तुमी बी आमच्या मानसावानी नाचताय की!" ती म्हणाली. "त्याला बी असंच व्हायचं. एका जागी उभं ऱ्हाताच यायचं न्हाई!"

"नाचत न्हाई हो मावशी," रामकिसन धापा टाकत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. "तुमची डाव्या हाताची कांडी आखूड येतेय. पुढं आल्याबिगर घावतच न्हाई."

टाळ्या अजून चालू होत्या. केसरबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हलेना. मग तिनं रामकिसनला समोरून बाजूला व्हायला सांगितलं. एक कांडी डाव्या हातात घेतली आणि रिकाम्या जागेत टाकली, जशी जन्मभर टाकत आली तशी. कांडी उंच गेली, आणि समोरच्या माणसाच्या जागेपासून चांगली अलीकडं पडली. तिनं दुसरी टाकली. तीही तिथंच. तिसरी त्या दोघींच्या अंगावर.

आता वय झालं, हात गळाले, म्हणून असेल असं ती क्षणभर मनाशी म्हणाली. पण ते खोटं होतं आणि तिला लगेच कळलं. धोंडीराम काही तिच्या म्हातारपणी नाचायला लागला नव्हता. तो खडीच्या ढिगावर नाचत होता, ती पंधरा वर्षांची असताना. आणि तो कसाही नाचत नव्हता. डावी कांडी आली की पुढं, घेतली की मागं. दर वेळी. इतकी वर्षं, इतके हंगाम. सगळी रांग त्याला नाचऱ्या म्हणून हसली, ती स्वतः सगळ्यांच्या देखत हसली, आणि ह्या माणसानं एकदाही तोंड उघडलं नाही. झेलावा केसरनं, असं लोक म्हणायचे तेव्हा तोच सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणायचा.

ती मातीतच खाली बसली. "मेल्या," ती रडत म्हणाली, आणि धोंडीरामाला अशी हाक तिनं उभ्या जन्मात मारली नव्हती, "एकदा तरी बोलायचं हुतं रे! एक शबुद! म्या लांब टाकली आसती की!"

सुंदर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रामकिसन बिचारा हबकून गेला होता, काय बोलून बसलो म्हणून भारतकडं बघत होता. भारतच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यानं काकूला पाणी दिलं, मग हळूच म्हणाला, "काकू, सोपं हाय ते. कोपर जरा वर घ्या. मी दाखवतो."

केसरबाई उठली. डोळे पुसले, पदर खोचला. कोपर वर घेतलं आणि डावी कांडी टाकली. कांडी गेली ती थेट रामकिसनच्या हातात. त्याला पाऊल उचलावं लागलं नाही. खरंच, एवढंच होतं ते. मग सहा कांड्या सुरू झाल्या. तो जागचा हलला नाही, ती हलली नाही. दोघं दोन खांबांसारखे उभे आणि मधे कांड्या नीट, देखण्या, एकसारख्या जात येत होत्या. पुण्याचा उंच गडी मोठ्यानं "वा!" म्हणाला. इतका साफ जोडझेल त्या पटांगणानं कधी बघितला नव्हता.

केसरबाई तो थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं आपल्या कांड्या एकेक करून हातात घेतल्या आणि थांबली.

"काय झालं मावशी? चांगलं चाललं हुतं की."

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन ह्यात आमचं मानूस न्हाई."

तिनं पुन्हा सुरुवात केली. उजवी टाकली, रामकिसननं घेतली. मग कोपर खाली सोडलं.

"रामकिसनभाऊ," ती म्हणाली, "या म्होरं," आणि डावी कांडी आखूड टाकली.